तिसऱ्या दाराशी न वाजलेली तुतारी

पहाट

नोव्हेंबरातल्या त्या पहाटे मोंतार्वो नगरी धुक्यावर तरंगत होती. खालचे खोरे, खोऱ्यातली नदी, नदीवरचा तीन कमानींचा पूल, पलीकडचे ऑलिव्हचे मळे, सारे त्या पांढऱ्या लाटेखाली बुडालेले. आणि वर, डोंगराच्या माथ्यावर, तटबंदीच्या आत, एकमेकांकडे पाठ करून उभे असावेत तसे एकोणीस दगडी मनोरे. हे मनोरे शत्रूवर नजर ठेवण्यासाठी बांधले होते खरे, पण तो शत्रू तटाबाहेरचा नव्हता. तो समोरच्या मनोऱ्यात राहत असे, त्याच विहिरीचे पाणी पीत असे, रविवारी त्याच देवळात शेजारच्या बाकावर गुडघे टेकत असे.

चौदावे शतक सरत आले होते. इटलीच्या त्या भागातल्या नगरांनी राजे हाकलून दिले होते, सरदारांना वेसण घातली होती. एक गोष्ट मात्र त्यांना जमली नव्हती. गावातल्या माणसाने गावातल्या माणसाचा न्याय करावा, एवढा विश्वास कोणालाच कोणावर नव्हता, कारण जो तो कोणाचा तरी पुतण्या होता. म्हणून न्यायाधीश परगावाहून आणत. त्याला पोदेस्ता म्हणत. त्याची मुदत सहा महिन्यांची. या सहा महिन्यांत त्याने गावातल्या कोणाच्या घरी जेवायचे नाही, कोणाच्या लेकराच्या बारशाला जायचे नाही. न्यायवाड्याच्या वरच्या दालनात तो एकटा जेवे आणि खाली चौकात लोक त्याच्या खिडकीकडे पाहत.

न्यायवाड्याच्या भिंतीवर चित्रे होती. जे खुनी हाती लागत नसत, त्यांना चितारी भिंतीवर उलटे टांगत: पाय वर, डोके खाली, खाली नाव. पूर्वेच्या कोपऱ्यातले शेवटचे चित्र गेरी राम्पीनीचे होते. चितारी कसबी असावा. मोडून वाकडे बसलेले नाक त्याने असे उतरवले होते की उलटे असूनही गेरीची बायको त्या भिंतीजवळून जाताना मान फिरवी.

गळा

चौदा महिन्यांपूर्वीची गोष्ट. राम्पीनींचा मनोरा आणि आर्देंगींचा मनोरा यांच्यामधून एक बोळ जातो. तो इतका अरुंद की भरलेले एकच खेचर त्यातून जाऊ शकते. लोक त्याला गळा म्हणत. एका दुपारी वरून नुच्चो आर्देंगी खेचरावर बसून येत होता आणि खालून गेरी राम्पीनी. दोघे मध्यावर समोरासमोर आले. कोणीतरी आपले खेचर मागे घ्यायला हवे होते.

दोघेही बराच वेळ तसेच बसून राहिले. खोगीर शिवणारा जोव्हेन्को आपल्या दुकानाच्या दारातून पाहत होता. पुढे न्यायवाड्यात त्याने सांगितले की सुरुवातीला दोघे हसत होते. नुच्चो म्हणाला की तुझ्या खेचराला मागे जायची सवय असेल, तुझ्या बापालाही होती. मग कोणी हसले नाही.

नुच्चोची आई ओर्सा, जिला सारे मानाने मोन्ना म्हणत, धावत खाली आली तेव्हा मुलाच्या अंगातला पांढरा सदरा कमरेपर्यंत लाल झाला होता आणि दोन्ही खेचरे अजून तिथेच, तोंडाला तोंड लावून उभी होती.

तीन तुताऱ्या

खुनी पळाला की त्याच्यावर हद्दपारीची द्वाही फिरे. द्वाही फिरलेल्या माणसाला कायद्याची सावली उरत नसे. दिसेल तिथे, दिसेल त्याने त्याला मारावे, मारणाऱ्याला शिक्षा नाही. पण ती द्वाही पक्की होण्यासाठी तुतारी तीन जागी वाजली पाहिजे, आणि तिन्ही जागी आरोपीचे नाव मोठ्याने घेतले पाहिजे. तिन्हींतली एक जरी राहिली तर द्वाही नाही, आणि द्वाही नसताना मारलेला माणूस म्हणजे सरळ खून.

पहिली तुतारी चौकात वाजली.

दुसरी पुलाच्या वेशीवर वाजली.

तिसरी वाजायची ती गेरीच्या घराच्या दाराशी.

तुतारी फुंकणारा चिओने त्या दाराशी आला आणि थांबला. दारावर तमालाची हिरवी डहाळी टांगलेली होती. आत बाई बाळंत होत होती. मोंतार्वोत अशा दाराशी कोणी मोठ्याने हाक मारत नाही, कुत्रे भुंकले तर त्याला दगड मारून पळवतात. मोठ्या आवाजाने मूल वाटेतून परत फिरते, असे तिथल्या थोरांपासून पोरांपर्यंत सारे मानतात. चिओनेची स्वतःची बायको अशाच एका दिवशी गेली होती आणि त्या दिवशी शेजारच्या देवळाची घंटा वाजली होती. त्याने तुतारी ओठांना लावली, मग खाली घेतली. बाळंतपण आटोपले की येऊ, असा विचार करून तो माघारी गेला.

बाळंतपण दोन दिवस चालले. दरम्यान न्यायवाड्याचा दस्तलेखक सेर मासेओ याने नेहमीच्या सवयीने दफ्तरात लिहून टाकले, द्वाही तीन जागी फिरली. चिओने तिसऱ्या दिवशी आला, ते वाक्य शाईत वाळलेले पाहिले आणि गप्प बसला.

त्या घरात बाहेरच्या खोलीत आणखी एक माणूस दोन दिवस कान देऊन बसला होता. तो गेरीचा काका, बिंदो राम्पीनी. तोही गप्प बसला.

सदरा

मोन्ना ओर्साने नुच्चोचा तो सदरा धुतला नाही. जेवणाच्या मेजाशी नुच्चोची खुर्ची होती. तिने सदरा तिच्या पाठीवर घातला आणि धाकट्या मुलाला, साल्वेस्त्रोला, समोर वाढले.

साल्वेस्त्रो बावीस वर्षांचा होता. त्याने मनोऱ्यावर कबुतरे पाळली होती. तो अंगाने भरलेला, चटकन हसणारा, आणि जत्रेत मुलींना खोटे भविष्य सांगण्यात पटाईत. भाऊ असताना घराण्याची तलवार कोणी उचलायची हा प्रश्नच त्याच्यापुढे आला नव्हता. पहिल्या महिन्यात त्याने आईला विनवले की तो सदरा उचल, मला जेवण जात नाही. ती म्हणाली की ज्याचा आहे त्याच्या भावाने उचलावा. मग तो पुन्हा काही म्हणाला नाही. पुढच्या हिवाळ्यात कबुतरे त्याने विकून टाकली.

रक्त मिटवण्याची आणखी एक वाट मोंतार्वोत होती. तिला सलोखा म्हणत. दोन साक्षीदारांदेखत, मेलेल्याच्या सर्वांत जवळच्या रक्ताने मारणाऱ्याच्या ओठांचे चुंबन घ्यायचे आणि दस्तलेखकाने ते तिथेच लिहून घ्यायचे. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत त्याने तोंड पुसायचे नाही. पुसले तर दिलेला सलोखा परत घेतला. जो सलोखा मोडील त्याचे घर पाडायचे आणि त्याला पवित्र जमिनीबाहेर पुरायचे. जवळचे रक्त कोणाचे, त्याचा क्रमही लिहिलेला होता: बाप, मग आई, मग भाऊ. आईचा क्रम कायद्यात होता, पण कोणा आईने तो कधी वापरला नव्हता. ओर्साला कोणी सलोख्याबद्दल विचारले तर ती विचारणाऱ्याच्या तोंडावर दार लावी.

दोन निरोप, दोन्ही खरे

पहिला. कोळसे पाडणाऱ्यांच्या रानातल्या एका झोपडीत गेरी लपला होता. त्याला त्याच्या काकाचे पत्र आले.

*"चिरंजीव गेरी यास बिंदोचे आशीर्वाद. तुझ्यावरची द्वाही कच्ची आहे. तिसऱ्या दाराशी तुतारी वाजली नाही. मी स्वतः घरात होतो, आणि चिओनेने शेजारच्या नगरातल्या दस्तलेखकापुढे तशी शपथ लिहून दिली आहे. तू हद्दपार नाहीस, केवळ आरोपी आहेस. गुरुवारी सकाळी वेस उघडताच ये आणि पोदेस्तासमोर उभा राहा. शरण येणाऱ्याच्या रीतीप्रमाणे कमरपट्टा गळ्यात घाल, शस्त्र आणू नकोस. गळ्याच्या वाटेने ये, कारण हमरस्त्यावर पहारेकरी तुला आधीच धरतील. तुझी लेक चालू लागली आहे."*

दुसरा. आर्देंगींच्या दाढ्या करणारा न्हावी साल्वेस्त्रोच्या गालावर वस्तरा फिरवता फिरवता कुजबुजला की गुरुवारी सकाळी गेरी राम्पीनी गळ्यातून येणार आहे, एकटा, हाती काही नसताना. हद्दपाराला मारणाऱ्याला शिक्षा नाही, हे त्याने सांगितले नाही. ते गावात लहान पोरालाही ठाऊक होते.

दोन्ही निरोपांत खोटा असा एकही शब्द नव्हता, आणि दोन्ही एकाच माणसाकडून निघाले होते. गेरी हा बिंदोच्या थोरल्या भावाचा मुलगा. घराण्याच्या मनोऱ्याची किल्ली रीतीने गेरीची. तो पळाला तेव्हापासून ती बिंदोच्या कमरेला होती आणि तिथे ती त्याला शोभते असे त्याला वाटू लागले होते. साल्वेस्त्रोने गेरीला मारले की पुतण्या संपला. मग चिओनेचा शपथेचा कागद बाहेर काढायचा: द्वाही नव्हतीच, म्हणजे हा खून आहे. साल्वेस्त्रो फासावर, आर्देंगींचा मनोरा जमीनदोस्त, त्यांचा वंश बुडाला. एका चाकूत दोन घरे. आणि बिंदोने तो चाकू हातातही धरायचा नव्हता.

कडी

गुरुवारची पहाट अजून पुरती उजाडली नव्हती तेव्हा चिओने आर्देंगींच्या दाराशी आला. शपथ लिहून घेताना बिंदोने त्याला सांगितले होते की गेरीला लेकराबाळांत परत आणायचे आहे, आणि त्याने ती आनंदाने दिली होती. बुधवारी त्याच न्हाव्याच्या दुकानात न्हाव्याला राहवले नाही. उद्या गळ्याकडे फिरकू नकोस, असे तो चिओनेलाही म्हणाला. दोन गोष्टी चिओनेच्या डोक्यात एकमेकींजवळ सरकल्या आणि त्याला झोप लागली नाही. खोटी द्वाही देणाऱ्याचा उजवा हात तोडतात. बिंदोने आपल्याला सांभाळून घेण्याचे वचन दिले होते, हे त्याला आठवले. आता ते वचन कशासाठी होते तेही कळले.

दार ओर्सानेच उघडले.

"मोन्ना, धाकटे घरात आहेत का?"

"तुझं काय काम आहे?"

"असतील तर दाराला बाहेरून कडी घाला."

मग त्याने सगळे सांगितले. डहाळी, तुतारी, शाई, शपथ. उंबऱ्यावर उभ्या उभ्या, एकदाही वर न पाहता.

ओर्सा ऐकत राहिली. ती साठीची होती, उंचीने लहान, आणि चौदा महिन्यांत तिला कोणी रडताना पाहिले नव्हते. साल्वेस्त्रो अंधारातच घराबाहेर पडला होता. त्याच्या कमरेला तलवार बांधायला तिनेच घेतली होती, तेव्हा तो म्हणाला की तलवार नको, बोळ अरुंद आहे, चाकू पुरे.

"मी पोदेस्ताकडे धावत जाऊ का?" चिओनेने विचारले.

"तो उठून कपडे घालेपर्यंत सगळं होऊन जाईल. तू सेर मासेओकडे जा. दौत, लेखणी, कागद घेऊन त्याला गळ्यात आण. कशाला म्हणाला तर सांग, त्याच्या दफ्तरातली एक चूक दुरुस्त करायची आहे. तो येईल."

ती मेजाशी गेली. नुच्चोच्या खुर्चीवरून तिने सदरा उचलला. रक्ताने तो कडक झाला होता, घडी होत नव्हती. तिने तो तसाच शालीखाली धरला.

खोगिरांच्या दुकानात

साल्वेस्त्रो जोव्हेन्कोच्या दुकानात, टांगलेल्या खोगिरांच्या मागे, एका बाकावर बसला होता. जोव्हेन्को कोपऱ्यात चामड्याला मेण चोळण्याचे सोंग करत होता. न्हावीही आला होता, दाढी करायला नव्हे, पाहायला.

ओर्सा मागच्या दाराने आत आली. तिने मुलाला सांगितले की द्वाही कच्ची आहे, हा बिंदोचा सापळा आहे, तू त्याला मारलंस तर तुला फाशी होईल. न्हाव्याने हळूच दाराकडे पाहिले, पण जोव्हेन्कोचा पाय त्याच्या वाटेत होता.

"कोण म्हणतं?" साल्वेस्त्रोने विचारले.

"चिओने."

"चिओने स्वतःच्या कोंबड्याला घाबरतो."

"म्हणूनच म्हणते. आज तो घाबरूनसुद्धा आला."

साल्वेस्त्रो हसला. पूर्वीचे ते चटकन येणारे हसू नव्हते. "आई, चौदा महिने तो सदरा माझ्यासमोर जेवायला बसतोय. मी तुला उचल म्हणालो होतो. तू काय म्हणालीस?"

तिने शालीखालचा सदरा घट्ट धरला.

"आज उचलतो."

"फासावर गेलास तरी?"

"फासावर जाण्याआधी एक घास तरी गिळता येईल." त्याने चाकू मांडीवर उलटा केला. "तू घरी जा. हे तूच केलं आहेस, पण तू ते पाहायला नको."

तेव्हा तिला कळले की हा आता कोणाच्या सांगण्याने थांबणार नाही, तिच्या तर नाहीच. कारण त्याला इथवर आणणारे एक एक पाऊल तिने स्वतः, रोज, दोन वेळा, ताटासमोर बसवून त्याच्या पायात घातले होते. वाद घालायला वेळ नव्हता. खालून, पुलाच्या बाजूने, दगडी पायऱ्यांवर एका माणसाची पावले वाजू लागली होती.

ती दुकानाच्या पुढच्या दाराने बाहेर पडली, बोळात.

पुन्हा गळा

गेरी राम्पीनी धुक्यातून वर येत होता. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती आणि कमरपट्टा गळ्यात होता, त्याचे टोक छातीवर लोंबत होते. रानातल्या चौदा महिन्यांनी त्याचे गाल बसले होते. भिंतीवरचे चित्र आता त्याच्यापेक्षा जास्त त्याच्यासारखे दिसत होते. बोळाच्या मध्यावर, जिथे दोन खेचरे उभी राहिली होती तिथे, त्याला एक काळी आकृती दिसली आणि तिच्या हातातला सदरा दिसला. त्याने ती कोण आहे ते ओळखले. मागे वळण्याइतकी जागा होती.

तो वळला नाही.

आपल्याला मारायला बाई पाठवली आहे, असे त्याला वाटले. आणि का कोण जाणे, ते त्याला बरोबर वाटले. तो चालत येऊन तिच्यासमोर थांबला.

"मोन्ना," तो म्हणाला, "मला न्यायवाड्यात जायचं आहे. त्याआधी तुमचं काही असेल तर करून घ्या."

"मान खाली कर," ओर्सा म्हणाली. "माझा हात पोचत नाही."

दुकानाच्या दारात साल्वेस्त्रो उभा राहिला होता. आईच्या हातात चाकू आहे असे त्यालाही वाटले. क्षणभर त्याच्या छातीवरचा दगड उतरला, आणि त्याच क्षणी त्या हलकेपणाची त्याला शिसारी आली.

गेरीने मान वाकवली. त्याने डोळे मिटले होते.

ओर्साने सदऱ्यासह दोन्ही हातांनी त्याचे तोंड धरले आणि त्याच्या ओठांवर ओठ ठेवले. थोडा वेळ तसेच ठेवले. आपला मुलगा इथेच पडला, त्याच्या डोक्याखाली हाच दगड होता, याच माणसाच्या हातांनी ते केले, हे सारे तिच्या मनात होते; तेही तिने त्या चुंबनातून बाहेर ठेवले नाही. मग ती मागे सरली आणि बोळाच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली:

"नुच्चो आर्देंगीच्या रक्ताचा सलोखा मी, त्याची आई, गेरी राम्पीनीला देत आहे. जोव्हेन्को साक्षीला आहे. न्हावी साक्षीला आहे."

न्हावी खोगिरांमागे सरकला. तो पाहायला आला होता, साक्षीला नव्हे.

साल्वेस्त्रो चाकू घेऊन पुढे आला. बोळ इतका अरुंद की गेरीपर्यंत जायचे तर आईला बाजूला सारावे लागे. ती गेरीकडे पाठ करून, मुलाकडे तोंड करून उभी होती.

"आई, बाजूला हो."

"नाही."

"तू हे केलंस? तू?"

"रक्त माझं आधी होतं, साल्वेस्त्रो, मग तुझं. मी माझं फेडून घेतलं. आता तुझ्याकडे याला मारायला काही उरलं नाही. मारलंस तर माझा शब्द मोडशील, एवढंच. मोडायचा असेल तर मोड, मी हलणार नाही."

तिचे ओठ ओले होते. तिचा हात नकळत तोंड पुसायला वर आला. तो तसाच अर्ध्यात थांबला आणि परत खाली गेला. साल्वेस्त्रोने ते पाहिले.

तीन प्रश्न

सेर मासेओ धापा टाकत आला, चिओनेच्या पाठीवर कागद ठेवून लिहू लागला. सलोख्याला तीनदा विचारावे लागते. घाईने दिलेले, भीतीने दिलेले, दुसऱ्याने देववलेले चालत नाही.

*प्रश्न:* तुम्ही हे स्वतःच्या मर्जीने देता का?

*उत्तर:* हो.

*प्रश्न:* कोणाच्या दबावाखाली देता का?

*उत्तर:* नाही.

*प्रश्न:* मनापासून देता का?

इथे लेखणी थांबली. ओर्साने वर पाहिले. वरच्या मनोऱ्याच्या खिडकीत बिंदो राम्पीनी उभा होता, त्याच्या हातात एक गुंडाळलेला कागद होता, आणि त्याला खाली येण्याची घाई झालेली दिसत होती.

*उत्तर:* देते. त्यात मन आहे का हे देवाला विचारा.

सेर मासेओने फक्त पहिला शब्द लिहिला.

बिंदो चार माणसे घेऊन खाली आला. मुडदा पाहायला निघालेल्या माणसाचा चेहरा त्याने वाटेत बदलला होता, पण पुरता नाही. त्याने आपल्या पुतण्याकडे पाहिले, जिवंत. साल्वेस्त्रोकडे पाहिले, चाकू खाली. आणि मोठ्या अदबीने म्हणाला की मोन्नांचे थोर मन आहे, परंतु बाईमाणसाचा सलोखा धरायचा की नाही हे पोदेस्ता ठरवतील.

"बाप, मग आई, मग भाऊ," सेर मासेओ कागदावरून नजर न उचलता म्हणाला. "कलम तुमच्याच आजोबांनी घातलंय, बिंदोजी. तेव्हा त्यांची एक सून फार रागीट होती म्हणतात."

जोव्हेन्को हसला. तेव्हा चिओनेने मान वर केली, आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा धीर केला. "त्यांच्या हातातला कागद कोणता आहे ते विचारा," तो म्हणाला. "माझी शपथ आहे ती. ती आजच, याच वेळी, बरोबर कशाला आणलीय ते विचारा."

गेरीने काकाच्या हातातून कागद घेतला. बिंदोने तो सोडायला जरा वेळ लावला. गेरीने वाचला, मग आजूबाजूला पाहिले: दुकान, खोगिरे, साल्वेस्त्रोचा चाकू, बोळ. आपल्याला याच वाटेने का बोलावले ते त्याला एक एक करून कळत गेले. त्याने कागद परत दिला आणि हात तसाच पुढे ठेवला.

"काका, किल्ली."

नंतर

पोदेस्ताच्या मुदतीचे अकरा दिवस उरले होते. त्याने चटकन निकाल दिला. गेरीला सलोख्यामुळे जीवदान. दर वर्षी नुच्चोच्या मृत्युदिवशी अनवाणी, गळ्यात पट्टा घालून देवळात मेणबत्ती न्यायची. बिंदोने कोणाला खोटे सांगितले नव्हते, कोणावर हात उचलला नव्हता. त्याला लागू पडेल असे कलम सापडले नाही. सेर मासेओला समज मिळाली. त्याने दफ्तरात "तीन" खोडून "दोन" केले आणि खाली सही केली. खोटी द्वाही देणाऱ्यासाठी मात्र कलम स्पष्ट होते. चिओनेचा उजवा हात शनिवारी, चौकात, सगळ्यांदेखत तोडला. तुतारी न्यायवाड्याच्या दाराला खिळ्याने ठोकली.

गेरीच्या चित्रावर चुना फासला. तरी पावसाळी दिवसांत चुना ओला झाला की उलटे पाय दिसत.

त्या हिवाळ्यात राम्पीनींच्या मनोऱ्यात काका-पुतणे एकाच मेजाशी जेवत. दुसऱ्याने घास घेतल्याखेरीज पहिला घेत नसे. वसंतात बिंदो तीर्थयात्रेला जातो म्हणून निघाला. पुलापर्यंत गेरी त्याला पोचवायला गेला होता. बिंदो परतला नाही, आणि घराण्याच्या आतल्या गोष्टींबद्दल मोंतार्वोत कोणी विचारत नसे.

चिओनेला ओर्साने घरी आणले. नुच्चोची खुर्ची रिकामी होती. ती म्हणाली, इथे बस. तो डाव्या हाताने जेवायला शिकला. सदरा तिने धुतला, पण डाग गेले नाहीत, मग जाळला.

साल्वेस्त्रो त्याच घरात राहिला. त्याने लग्न केले, मुले झाली, पुन्हा कबुतरे पाळली. आईशी तो आदराने बोले. सणाला गावात आया मुलांच्या तोंडाचा मुका घेतात. तो तेव्हा गाल पुढे करी. तिने ते एकदाही बोलून दाखवले नाही. अकरा वर्षे.

मग ती गेली.

मोंतार्वोत प्रेताचे तोंड झाकण्याआधी थोरला मुलगा, तो नसला तर जो असेल तो, ओठांवर शेवटचा मुका घेतो. देवळात गाव जमले होते. गुडघ्यांनी थकलेला सेर मासेओ होता, जोव्हेन्को होता, रिकामी बाही कमरेत खोचलेला चिओने होता. दारात, आत न येता, गेरी राम्पीनी उभा होता, अनवाणी, कमरपट्टा गळ्यात. आज नुच्चोचा दिवस नव्हता. त्याला कोणी बोलावले नव्हते.

साल्वेस्त्रो तिरडीशी उभा राहिला. पाद्री थांबला. त्या ओठांवर अकरा वर्षांपूर्वी काय ठेवले गेले हे देवळातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, आणि ते घेणे म्हणजे काय घेणे हेही. कोणीतरी खोकले. साल्वेस्त्रोने मान वळवून दाराकडे पाहिले. गेरीने नजर चुकवली नाही.

मग साल्वेस्त्रो वाकला आणि त्याने आईच्या ओठांवर ओठ ठेवले.

तिला दुपारी पुरले. लोक घरोघर गेले, पण काहीजण न जाता चौकात रेंगाळत राहिले, मनोऱ्याकडे पाहत. साल्वेस्त्रो वर कबुतरांजवळ बसला होता. खालून बायको जेवायला हाक मारत होती. तो उतरला नाही. धुके खोऱ्यात पुन्हा भरू लागले, पूल दिसेनासा झाला, समोरच्या मनोऱ्याच्या दगडांवरून ऊन हळूहळू वर सरकत टोकाशी गेले आणि विझले.

तोवर त्याने तोंड पुसले नव्हते.